कुंदाताईंचं भेव

कुंदाताई गजभिये आमच्या खालच्या क्वार्टरमध्ये राहायला आल्या तेव्हा ट्रकमधून आधी कपाट उतरणार होतं. त्यांनी माणसांना थांबवलं आणि आधी सायकल उतरवून घेतली. काळी, लेडीज, जुन्या घडणीची सायकल. ती त्यांनी स्वतः जिन्याखाली नेऊन लावली, कुलूप घातलं, ओढून बघितलं, घराकडे वळल्या आणि परत येऊन पुन्हा एकदा ओढून बघितलं. मग आत जाऊन गॅसच्या नळीला साबणाचं पाणी लावलं आणि बुडबुडे येतात का ते पाहत बसल्या. एवढं झाल्यावर वर आल्या, माझ्या दारावरची मराठी पाटी वाचून हसल्या आणि पहिला प्रश्न विचारला तो हा, की इकडे माकडं किती येतात.

मी म्हटलं, येतात, पण काही करत नाहीत.

"म्हणजे अजून केलं नाही," त्या म्हणाल्या.

लखनौमधल्या मानक नगरच्या आमच्या रेल्वे कॉलनीत मराठी घरं थोडीच. कुंदाताई रेल्वेच्या कचेरीत हिशेब विभागात होत्या, क्वार्टर त्यांच्याच नावावर होतं. यजमान सुधाकरराव चिनहटच्या एका कारखान्यात सुपरवायझर. सकाळी कंपनीच्या बसने जायचे ते दिवेलागणीला परतायचे. मुलगी अस्मिता कॉलेजात. आईने भंडाऱ्याकडच्या बोलीत विचारायचं आणि लेकीने लखनवी हिंदीत उत्तर द्यायचं, अशी त्या घराची रीत. "जेवली का वं?" "हाँ मम्मी, खा लिया यार." आईला यार म्हणायचं नाही, असं कुंदाताई रोज बजावायच्या आणि अस्मिता रोज म्हणायची, "अच्छा, सॉरी यार."

कुंदाताई मूळच्या पवनीच्या. भीतीला त्या भेव म्हणत. मी सांगलीकडची, मला तो शब्द आधी गमतीचा वाटला. पण भेव त्यांच्यापाशी चष्म्यासारखं होतं, बाहेर पडताना सोबत घ्यायचंच. माकडांचं भेव, मोकाट सांडांचं भेव, लिफ्टचं, विजेचं, चाटच्या गाडीवरच्या पाण्याचं. इथे पतंगांचा नाद फार. काच लावलेला मांजा रस्त्यावर आडवा लोंबतो आणि सायकलवाल्यांचे गळे कापतो, हे कुणीतरी सांगितल्यापासून त्या मे महिन्याच्या उन्हातसुद्धा गळ्याला जाड मफलर गुंडाळूनच सायकलवर बसायच्या. कॉलनीतल्या बायका हसायच्या. कुंदाताईही हसायच्या, पण मफलर काढायच्या नाहीत.

एकदा जयंतीच्या कार्यक्रमात त्यांना चार शब्द बोलायला लावलं. आमच्या कॉलनीतला लहानसा हॉल, समोर बसलेली सगळी ओळखीची माणसं. त्या माइकपाशी गेल्या, पाण्याचा पेला उचलला, सगळा पिऊन टाकला, "जय भीम" म्हणाल्या आणि खाली उतरल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या तेव्हा रिकामा पेला अजून त्यांच्या हातातच होता.

सायकल मात्र सोडायच्या नाहीत. इतकं भेव वाटतं तर रिक्षाने का जात नाही, असं मी विचारलं होतं. म्हणाल्या, रिक्षा दुसऱ्याच्या हातात राहते, सायकल माझ्या हातात राहते. त्यांचे वडील पोस्टमन होते. पवनीच्या आसपासच्या खेड्यांत सायकलवरून टपाल वाटायचे. आडवाटेला चाक वाकलं तर दुरुस्त करायला कुणी नसायचं, म्हणून ते घरीच करायचे, आणि कुंदाताई शेजारी बसून बघायच्या. त्यांनी मुलीला दोन गोष्टी शिकवल्या. एक, वाकलेलं चाक सरळ करणं. दुसरी, रस्त्यावर गाडी आली की पाय टेकून थांबायचं आणि गाडीकडे बघायचं नाही, गाडी चालवणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं. तो आपल्याला बघून राहिला की नाही, ते त्याच्या तोंडावर दिसते.

आमच्या गेटपाशी मी हे रोज पाहायचे. गाडी आली की कुंदाताई थांबत, एक पाय जमिनीवर, मान पुढे, आणि काचेतून आतल्या माणसाकडे निरखून बघत. कित्येकांना वाटायचं की बाईंना काही विचारायचं आहे. ते काच खाली करायचे. कुंदाताई मान हलवून पुढे जायच्या.

माझ्या सायकलचं चाक एकदा खड्ड्यात आदळून वाकलं. मी ती मेकॅनिककडे नेत होते, तर कुंदाताईंनी जिन्यातच अडवलं. सुटीचा दिवस होता. त्यांनी व्हरांड्यात पोतं अंथरलं, सायकल सीटवर आणि हँडलवर उलटी उभी केली आणि चाक हाताने फिरवलं. चाक डुलत फिरायला लागलं. ज्या दोन दांड्यांच्या मध्ये चाक फिरतं, त्यातल्या एकीवर त्यांनी खडू टेकवून धरला. चाक जिथे बाहेर झुकत होतं तिथे खडूची रेघ उठली. मग चाकाच्या तारा पिळायची लहानशी चावी घेतली. रेघ उठली त्या बाजूच्या तारा जराशा सैल, समोरच्या बाजूच्या जराशा घट्ट, एका वेळी पाव फेरा. पुन्हा चाक फिरवायचं, पुन्हा खडू.

मला घाई झाली होती. मी म्हटलं, ही एकच तार चांगली आवळा ना, लगेच सरळ होईल.

"नाई वं शैला. एका तारेवर सगळा जोर काढला तर ती तुटते. चौघींनी थोडं थोडं ओढायचं राहते."

काम करताना त्यांच्या चेहऱ्यावर भेव नसायचं. व्हरांड्याच्या कठड्यावर माकड येऊन बसलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं. शेवटी बोटांनी तारा छेडून त्यांनी आवाज ऐकला, एका तारेला अर्धा पाव फेरा आणखी दिला आणि सायकल माझ्या हवाली केली. त्यानंतर कॉलनीतल्या सगळ्या वाकड्या चाकांचं माहेर म्हणजे कुंदाताईंचा व्हरांडा झालं.

मग तो जानेवारी आला.

लखनौचं धुकं ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. इथे त्याला कोहरा म्हणतात, आणि जानेवारीत सकाळी दहा वाजेपर्यंत समोरच्या झाडाचं खोडसुद्धा दिसत नाही. त्या दिवशी कुंदाताई कचेरीला निघाल्या होत्या. पुढे किशोरी आपला हातगाडा ढकलत चालला होता. किशोरी आमचा सब्जीवाला. थंडीत हिरवा मटार आणि पेरू आणायचा. कुंदाताई त्याच्या गाड्यामागून हळूहळू जात होत्या, कारण त्याच्या गाड्याला लाल फडकं बांधलेलं असायचं आणि ते धुक्यात दिसायचं.

समोरून एक मोठी पांढरी गाडी आली. कुंदाताईंनी सवयीप्रमाणे पाय टेकला आणि चालवणाऱ्याकडे बघितलं. त्याचं लक्ष रस्त्यावर नव्हतं, तो शेजारी बसलेल्याशी बोलत होता. गाडीने हातगाडा उडवला, किशोरी गाडीखाली गेला आणि तीच गाडी आडवी घसरत येऊन कुंदाताईंच्या मागच्या चाकावर बसली. त्या बाजूला फेकल्या गेल्या. गाडी थांबली. चालवणारा खाली उतरला. मुलगाच होता, अस्मितापेक्षा थोडा मोठा. त्याने रस्त्यावर पडलेल्या किशोरीकडे पाहिलं, मग कुंदाताईंपाशी आला आणि म्हणाला, "आंटी, आपको लगी तो नहीं?" तेवढ्यात गाडीतून कुणीतरी त्याला हाक मारली. तो परत गेला, गाडीत बसला, आणि गाडी धुक्यात शिरली.

मी शाळेत शिकवायला निघाले होते. जिन्यात कुंदाताई दिसल्या. एका हाताने सायकलचं मागचं टोक उचलून धरलेलं, कारण चाकाचा पार इंग्रजी आठचा आकडा झाला होता आणि ते फिरतच नव्हतं. कोपर सोललं होतं. मफलरला हिरवे मटार चिकटले होते. लोकांनी किशोरीला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं. तो वाटेतच गेला, हे आम्हाला दुपारी कळलं.

संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेले. त्यांनी जे पाहिलं ते सांगितलं. लिहून घेणाऱ्याने विचारलं, चेहरा ओळखाल का, तर म्हणाल्या, ओळखीन. सायकलच्या चाकावर पांढरा रंग खरवडून लागला होता, तेही सांगितलं. सायकल घरीच ठेवा, पाहायला माणूस येईल, तोवर हात लावू नका, असं त्यांना बजावण्यात आलं.

दोन-चार दिवसांत गाडीवाल्यांचा घरचा ड्रायव्हर स्वतःहून हजर झाला आणि गाडी मी चालवत होतो असं म्हणाला. गाडी एका ठेकेदाराची होती. चालवणारा त्याचाच मुलगा होता असं लोक म्हणत, पण त्याचं नाव कुठेच नव्हतं. तो त्या दिवशी शहरातच नव्हता म्हणे. आणि त्याचा चेहरा पाहिलेलं माणूस एकच होतं.

पुढच्या रविवारी कुंदाताईंकडे ठेकेदाराकडून दोघेजण आले. मी तेव्हा खालीच होते, तिळाच्या वड्या द्यायला गेले होते. एक पिकल्या केसांचे, अंगात बंद गळ्याचा कोट. दुसरा तरुण, तो सगळा वेळ उभाच राहिला. हातात गजकचा, म्हणजे इकडच्या तिळाच्या मिठाईचा डबा. चपला बाहेर काढल्या, हात जोडले, प्रत्येक वाक्यात आप आणि जी. लखनौचं बोलणं किती मऊ असतं, हे मी इतकी वर्षं कौतुकाने सांगत आले होते. त्या दिवशी त्या मऊ बोलण्याने माझ्या पाठीवर काटा आला.

किशोरीचं फार वाईट झालं, त्याच्या घरच्यांचं आम्ही बघून घेऊ, असं ते गृहस्थ म्हणाले. धुक्यात माणसाची नजर फसते, तुम्ही तर शिकल्या-सवरलेल्या. मग खोलीभर नजर फिरवली. भिंतीशी टेकवलेली सायकल त्यांना दिसली.

"इसे हम भिजवा के ठीक करा देंगे आंटीजी. बल्कि नई ले लीजिए."

"साइकिल मैं घर पर ही ठीक करती हूँ," कुंदाताई म्हणाल्या. आवाज इतका बारीक, की त्यांना दोनदा बोलावं लागलं.

ते गृहस्थ हसले. चहा संपवला, बशी सरळ ठेवली आणि उठता उठता सहज विचारावं तसं विचारलं, "बिटिया का कॉलेज कितने बजे छूटता है? आजकल कोहरे में ज़माना ठीक नहीं है."

ते नमस्ते करून गेले. कुंदाताईंनी दाराला वरची कडी लावली, खालची लावली, दोन्ही ओढून बघितल्या आणि मोरीत जाऊन ओकल्या. सुधाकरराव गजकच्या डब्याकडे बघत बसले होते. तो डबा कुणी उघडलाही नाही आणि बरेच दिवस फेकलाही नाही.

त्याच आठवड्यात अस्मिताला नागपूरला मावशीकडे पाठवलं. तिचं वर्ष अर्ध्यातच राहिलं. चारबाग स्टेशनवर गाडीत बसेपर्यंत ती आईशी बोलली नाही. बसल्यावर म्हणाली ती एवढंच, की भेवाच्या मारे मला साध्या पिकनिकला जाऊ देत नव्हतीस, आणि आता याच एका वेळी तुला भेव का वाटत नाही. कुंदाताईंनी हे मला सांगितलं आणि म्हणाल्या, तिला कसं सांगू की मला श्वास घ्यायलासुद्धा भेव लागून राहिलं.

मग आमच्या गेटबाहेर एक मोटारसायकल उभी राहायला लागली. त्यावर बसलेला माणूस काही करायचा नाही, फक्त असायचा. कुंदाताईंना कुणीतरी फोन करायचं आणि गप्प राहायचं, नुसता श्वास ऐकू यायचा. त्या कचेरीला पायी जायला लागल्या, कधी माझ्याबरोबर, कधी शेजारच्या मिश्रा भाभींबरोबर. जिन्यात वरून माझं पाऊल वाजलं तरी खालून आधी आवाज यायचा, "कोण?" मी "मीच" म्हटलं की दार उघडायचं. भाजी घेणं त्यांनी सोडलं होतं, कारण नवा भाजीवाला कोण, कुणाचा, हे कळत नव्हतं. कित्येक दिवस घरात नुसती डाळ आणि भात. सुधाकररावांची बस संध्याकाळी दहा मिनिटं उशिरा आली तर त्या व्हरांड्यात उभ्या राहून साडीचा पदर पिळत राहायच्या.

आणि ते चाक. ज्या बाईला दुसऱ्याच्या सायकलचं जरासं डुलणारं चाक बघवायचं नाही, तिच्या घरात आठचा आकडा झालेलं चाक महिनोन् महिने उभं होतं. अस्मिताच्या रिकाम्या खोलीत त्यांनी ती सायकल ठेवली होती. रोज झाडताना त्या तिच्याभोवतीने झाडायच्या. ठाण्यातून पाहायला माणूस काही येत नव्हता.

थंडी सरल्यावर एका रविवारी मी त्यांना आग्रहाने अमीनाबादच्या बाजारात घेऊन गेले. अस्मिताला पाठवायला ड्रेसचं कापड घ्यायचं होतं. गर्दीत त्यांनी माझा दंड एकदाही सोडला नाही. निळ्या बुट्ट्यांचं कापड निवडताना मात्र त्या थोड्या पूर्वीसारख्या झाल्या, दुकानदाराशी घासाघीसही केली. परत आलो तर दार नुसतं लोटलेलं. कुंदाताई जागच्या जागी थिजल्या. मी दार ढकललं.

खोलीत सायकल उलटी उभी होती. सुधाकरराव पोत्यावर बसले होते, हातात तारांची चावी. घामाघूम झाले होते. तारा कोणत्या बाजूला पिळायच्या हे त्यांना माहीत नव्हतं. दोन तारा सैल होऊन लोंबत होत्या.

कुंदाताईंनी पिशवी खाली ठेवली. त्या पुढे गेल्या आणि त्यांच्या हातातली चावी काढून घेतली.

"हे घरात आहे तोवर ते येत राहतील, कुंदा," सुधाकरराव म्हणाले. "सरळ करून टाक. तुले दिसलं नाही म्हणून सांग. लोक काही म्हणणार नाहीत. सगळ्याइले माहीत आहे तू भित्री आहेस."

मी वर जायला निघाले, पण कुंदाताईंनी माझा हात धरला.

"मी भित्री आहोच जी," त्या म्हणाल्या. "पण मी हे चाक सरळ केलं, तर मी तिथं नव्हतीच असं होते. मग किशोरी एकटाच होता रस्त्यावर, असं होते."

मग सुधाकररावांनी तोंडावर दोन्ही हात घेतले. मले भेव नाही लागत का, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. कुंदाताई त्यांच्या शेजारी पोत्यावर बसल्या आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, लहान मुलाच्या पाठीवरून फिरवतात तसा. मी दार ओढून घेतलं आणि वर आले.

दुसऱ्या दिवशी सुधाकररावांनी रजा काढली. माणूस सायकलकडे येत नाही तर सायकल माणसाकडे नेऊ, असं त्या दोघांचं ठरलं होतं. भर सकाळी, सगळ्या कॉलनीसमोर, कुंदाताईंनी हँडल धरलं, सुधाकररावांनी मागचं टोक उचललं आणि दोघं गेटमधून बाहेर पडले. मोटारसायकलवाला तिथेच होता. त्याच्यासमोरून जाताना कुंदाताईंचं पाऊल अडखळलं, मला वरून दिसलं. सुधाकरराव मागून काहीतरी बोलले आणि त्या चालायला लागल्या. ठाण्यात त्या दुपारपर्यंत बाकावर बसून राहिल्या. शेवटी कुणीतरी येऊन चाक पाहिलं, रंग खरवडून घेतला, फोटो काढले, आणि साक्ष होईपर्यंत सायकल अशीच राहू द्या म्हणून सांगितलं.

साक्षीची वेळ आली ती पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात. तोवर तारखा पडत राहिल्या आणि प्रत्येक तारखेच्या आदल्या दिवशी कुंदाताईंना ताप यायचा. मी आणि सुधाकरराव त्यांच्याबरोबर होतो. कोर्टाच्या आवारात काळ्या कोटांची ही गर्दी, वर तापलेला पत्रा. आमच्यापासून थोड्या अंतरावर ते बंद गळ्याचा कोट घालणारे गृहस्थ उभे होते, आता पांढऱ्या सदऱ्यात. त्यांनी आम्हाला नमस्कार केला. किशोरीची बायको भिंतीशी बसली होती. ती नुसती बघत होती. कुंदाताई मला म्हणाल्या, "शैला, माझे पाय नाही उचलून राहिले." खरंच उचलत नव्हते. आम्ही दोघांनी त्यांना दोन बाजूंनी धरून दारापर्यंत नेलं. पुढे त्यांनाच जायचं होतं.

मी मागच्या बाकावर बसले. सरकारी वकिलांनी विचारलं ते त्यांनी सांगितलं, अडखळत, मध्येच पाणी मागत. मग समोरच्या वकिलांची पाळी आली. ते ओरडले वगैरे नाहीत, समजावल्यासारखं बोलत होते. धुकं किती होतं? हात पुढे केला तर दिसत होता का? तुमच्या चष्म्याचा नंबर काय? मग त्यांनी कुंदाताईंच्या हातांकडे बोट दाखवलं. हात कठड्यावर थडथड वाजत होते.

"आप तो काँप रही हैं. किसने डराया है आपको? किसके सिखाने पर बोल रही हैं?"

कुंदाताईंनी हात मागे घेतले नाहीत. त्या न्यायाधीशांकडे बघून बोलल्या, साध्या, भंडाऱ्याकडच्या वळणाच्या हिंदीत.

"डर तो मुझे बचपन से लगता है साहब. सड़क पर तो बहुत लगता है. इसीलिए हर गाड़ीवाले का मुँह देखती हूँ कि वो मुझे देख रहा है या नहीं. जिसको डर नहीं लगता वो नहीं देखता. उस दिन भी मैंने देखा. फिर वो उतर के पास आया. उसने पूछा, आंटी आपको लगी तो नहीं. इतने पास से पूछा."

आणि मान वळवून त्यांनी ठेकेदाराच्या मुलाकडे बोट केलं. तो मागे, वडिलांशेजारी बसला होता. त्याने मान खाली घातली. वकील आणखी बरंच काही विचारत राहिले, पण ती खाली गेलेली मान सगळ्यांनी पाहिली होती.

सायकलीला आता हात लावायला हरकत नाही, हे कळल्यावर कुंदाताईंनी सुटीच्या दिवशी व्हरांड्यात पोतं अंथरलं. चाक इतकं वाकलेलं होतं की आधी ते काढून जमिनीवर ठेवलं. फुगलेल्या भागावर सुधाकरराव उभे राहिले, दुसऱ्या बाजूला मी, आणि कुंदाताई "हळू, हळू" म्हणत आम्हाला तोल सांगत होत्या. फोनवर नागपूरहून अस्मिता बघत होती. "मम्मी, नया पहिया डलवा लो ना यार," ती म्हणाली. कुंदाताईंनी यारला हरकत घेतली नाही. त्या दोन सैल तारा त्यांनी बदलल्या. मग चाक बसवलं, खडू धरला, आणि पाव पाव फेऱ्याने दुपार सरली. सुधाकरराव चाक फिरवत होते, त्या चावी चालवत होत्या. कुठल्या बाजूला पिळायचं हे त्यांनी त्यांना शिकवलं आणि एक तार त्यांच्याकडूनच आवळून घेतली. पूर्ण सरळ झालं नाहीच. एके ठिकाणी थोडा झोल राहिला. आणखी ओढलं तर तुटेल, म्हणून त्यांनी तिथेच सोडलं.

त्यांच्या साक्षीनंतर मुलालाही आरोपी केलं, आणि पुढे निकाल लागला. गाडी मुलगाच चालवत होता हे कोर्टाने मानलं, शिक्षा दिली. ठेकेदाराकडच्यांनी वरच्या कोर्टात अपील केलं आणि मुलगा जामिनावर बाहेर आला. म्हणजे गोष्ट संपली असं काही झालं नाही. किशोरीच्या बायकोने गाडा पुन्हा सुरू केला. मोटारसायकल दिसेनाशी झाली. कुंदाताईंनी नागपूरला बदली मागितली होती, ती मिळाली.

त्यांना सायकलवर शेवटचं पाहिलं ते त्या जायच्या आधीच्या आठवड्यात. सकाळची वेळ, आम्ही कोपऱ्यावरच्या हलवायाकडे दही आणायला गेलो होतो. पुढे चार-पाच माणसं होती. कुंदाताई सायकल बाहेर लावून माझ्या पुढे उभ्या होत्या. तेवढ्यात काउंटरपाशी जिलबी घेणारा मुलगा वळला. तोच होता. अंगाने उतरला होता, दाढी वाढवलेली. त्याने आम्हाला पाहिलं आणि त्याचे हात आपोआप जोडले गेले.

"नमस्ते आंटी."

कुंदाताईंनी मागे हात करून माझं मनगट पकडलं.

"नमस्ते बेटा," त्या म्हणाल्या.

तो काही क्षण तिथेच उभा राहिला. त्याला काहीतरी बोलायचं होतं की नुसतं जायचं होतं, मला कळलं नाही. मग तो आमच्या शेजारून बाहेर पडला. बाहेर कुणीतरी गाडीत त्याची वाट पाहत होतं. मी कुंदाताईंना हळूच म्हटलं, चला, दही उद्या घेऊ.

"काऊन?" त्या म्हणाल्या. "आपला नंबर आला ना."

त्यांनी दही घेतलं. पिशवी नीट बांधली आहे की नाही ते दोनदा पाहिलं. बाहेर येऊन ती कॅरियरला लावली, मफलर गुंडाळला, पाय पायडलवर ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. गाडी अजून समोरच उभी होती. त्या तिच्यासमोरून निघाल्या. रस्ताभर त्या वळून वळून मागे बघत होत्या, पण वळणाआड दिसेनाशा होईपर्यंत एकदाही थांबल्या नाहीत.